अठरा वर्षांनंतरचा आधार

मूल आठव्या-नवव्या महिन्यातही आधाराविना बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांच्या ध्यानात येते. परंतु ‘याचा काकाही उशिराच बोलू लागला’ या समजुतीत मोलाची वर्षे निघून जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा जी तपासणी करतात, तिच्यात विकासातील विलंब हा स्वतंत्र विषय आहे. अशा बालकास पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तपासणीच्या दिवशी ते मूल नेमके घरी राहणार नाही, एवढी दक्षता अंगणवाडी सेविकेने घेतली तरी पुष्कळ काम होते.

या क्षेत्रातील महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. आपल्या कन्येला सामावून घेणारी शाळा नाही हे पाहून श्रीमती जय वकील यांनी १९४४ साली मुंबईत विशेष शाळेचा प्रारंभ केला. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ उभी राहिली. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

खरा प्रश्न अठराव्या वर्षानंतर उभा राहतो. शाळा सुटते. त्याच दिवशी कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते. ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बँकेत किंवा तलाठी कार्यालयात काम अडले म्हणजे ती कळते. ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही त्यांच्या मनातील चिंता मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनची असते.

हीच चिंता ध्यानी घेऊन संसदेने १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता या अवस्थांतील व्यक्तींसाठी तो आहे. त्यान्वये स्थानिक स्तर समिती नेमली जाते. जिल्हा दंडाधिकारी वा त्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे स्वरूप असते. आई-वडील किंवा नातेवाईक यांनी अर्ज केल्यास समिती पालक नियुक्त करते. त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, हे खेड्यातील कुटुंबांना आवर्जून सांगावयास हवे.

मात्र पालकाची खरोखरच आवश्यकता आहे काय, आणि ती कोणत्या कामासाठी आहे, याचा विचार समितीने प्रथम करावा, असे अधिनियमच सांगतो. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे बोलणे अस्पष्ट झाले आहे, त्याची बुद्धी तल्लख असू शकते. अशा तरुणाकडे केवळ त्याचे बोलणे कळत नाही म्हणून पालकत्वाचा दाखला मागणे सर्वथा अनुचित होय.

याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट तिच्यात नाही, आणि रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारपद्धतींचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. महिनोन्‌महिने फिजिओथेरपी घेणाऱ्या मुलाच्या घरी या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. तो बहुधा वस्तुवाटपाकडे वळतो. चाकाची खुर्ची दिसते, तिचे छायाचित्रही निघते. आठवड्यातून दोनदा तालुक्याला उपचारांसाठी जाणाऱ्या आईचे बसभाडे दिसत नाही.

नियुक्त पालकावरही बंधने आहेत. नियुक्तीपासून सहा महिन्यांत त्याने दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावयाची असते, व दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा असतो. हेळसांड किंवा मालमत्तेचा अपहार आढळल्यास समिती चौकशी करून त्यास दूर करू शकते. जमिनीच्या वाटणीत अशा भावंडाचे नाव गळत असल्याचे गावात सर्वांत आधी कळते ते पंचायत सदस्यांनाच. समितीकडे ती माहिती पोहोचविण्यास त्यांना कोणाची आडकाठी नाही.