रिपोर्टमधले ‘एम’ आणि ‘जी’ म्हणजे काय?

पावसाळा लागला की वस्तीत घरोघरी ताप येतो. डेंग्यूची रक्ततपासणी होते, रिपोर्टवर ‘आयजीएम’, ‘आयजीजी’ अशी अक्षरे येतात आणि घरातले घाबरतात. म्हणून या वेळी आम्ही हीच अक्षरे सोपी करून सांगत आहोत.

ही प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीजची नावे आहेत. जंतू शरीरात शिरला की काही पांढऱ्या पेशी ही प्रथिने तयार करतात. त्यांचा आकार गलोलीच्या बेचकीसारखा असतो. वरची दोन टोके ठरावीक जंतूलाच पकडतात. खालच्या दांड्यावरून त्यांचे पाच प्रकार पडतात.

आयजीएम : सर्वांत आधी धावून येते. रक्तात याच्या पाच बेचक्या एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे ते पुष्कळ जंतू एकदम धरते. डेंग्यूत ते साधारण ४-५ दिवसांनी दिसू लागते. त्याआधी ‘एनएस-१’ तपासणी उपयोगी पडते.

आयजीजी : मागून येते, पण पुष्कळ काळ टिकते. रक्तातली सुमारे ७५ टक्के प्रतिपिंडे हीच असतात. वारेतून आईकडून पोटातल्या बाळाला हेच मिळते.

आयजीए : लाळ, अश्रू, आतडी आणि आईचे दूध यांत असते. जंतूला दारातच अडवते.

आयजीई : जंतांशी लढते. पण धूळ किंवा एखाद्या पदार्थावर उगाच चिडले, तर ॲलर्जी होते.

आयजीडी : रक्तात अगदी थोडे. मुख्यतः पांढऱ्या पेशींच्या अंगावर राहून जंतूची ओळख पटवते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवू या.

पहिली, बाळंतपणानंतरचे पिवळसर चिकाचे दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकू नका. त्यात आयजीए भरपूर असते. बाळाला तासाभरात अंगावर घ्या. मध, गुटी काही चाटवू नका.

दुसरी, नुसते आयजीजी पॉझिटिव्ह आले, तर तो जुन्या आजाराचा माग असू शकतो. पण दुसऱ्यांदा डेंग्यू झाल्यावर हेच लवकर वाढते, आणि दुसरा डेंग्यू जास्त धोक्याचा ठरू शकतो. म्हणून रिपोर्ट स्वतः वाचून निर्णय घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा फार ग्लानी दिसली, तर ताप उतरला असला तरी लगेच रुग्णालय गाठा.