पगारातले दोनशे रुपये जातात कुठे?

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत मात्र ३००. वडील म्हणतात, हा कर दुष्काळातल्या मजुरांसाठी लावला होता. मी उद्यमनगरातला नोकरदार. माझा दुष्काळाशी काय संबंध? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वडील बरोबर सांगतात. आधी फेब्रुवारीचे कोडे सोडवू. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे २,२०० झाले की उरतात ३००.

आता दुष्काळ. पीक बुडाले की धान्याबरोबर शेतमजुराचे कामही जाते. मग बाजारात ज्वारी आली तरी ती घ्यायला हातात पैसा नसतो. म्हणून १९७२ च्या दुष्काळात सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. मजुरी मिळाली की वाण्याची उधारी फिटते, गावचा बाजार हलता राहतो. १९३३ च्या मंदीत अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हेच ताडले होते. त्यांनी बेकारांना सरकारी कामे दिली. ती कामे मात्र पुढे बंद झाली.

महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन कामाचा हक्कच दिला, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते. रोजगार हमी २००५ साली दिल्लीहून आली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये झाला, तोही तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला. राज्याचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

रोजगार हमीला खैरात म्हणणेही चूक. इथे घाम गाळल्यावरच मजुरी मिळते. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर बेकार भत्ता देणे सरकारवर बंधनकारक. ‘यंदा तरतूद संपली’ असे मजुराला सांगता येत नाही. त्यासाठी हक्काचा पैसा हवा, म्हणून कायद्याच्या आधीच, १९७५ मध्ये, व्यवसाय कर आला. या करातून उभ्या राहणाऱ्या निधीत राज्याने स्वतःचीही तेवढीच भर घालायची, असे ठरले.

राहिला तुमचा संबंध. उद्यमनगर वाढले ते शेतकऱ्यांना ऑइल इंजिने विकून. खेड्यातला पैसा आटला, तर तुमच्या कारखान्याची मागणीही आटते.