सोबतीची परवानगी फाइलवर लिहून घ्या

माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणाला तिचं माहेर म्हणजे पुण्यात येरवड्याला असलेलं माझंच घर. आई नसल्यामुळे सातव्या महिन्यातच आम्ही एक डूला ठरवली. डूला म्हणजे बाळंतपणात बाईजवळ सतत थांबणारी, तिला धीर देणारी प्रशिक्षित सोबतीण. कळ आली की श्वास कसा सोडायचा, कशाला धरून वाकायचं, हे तिने बहिणीला शिकवलं. कंबर नेमकी कुठे दाबायची ते मला दाखवलं. रात्र-रात्र जागणारी बहीण त्यानंतर शांत झोपू लागली. तपासणीच्या वेळी डॉक्टरही म्हणाले होते, "येऊ द्या की त्यांना."

कळा सुरू झाल्या त्या रात्री ड्युटीवर दुसरेच डॉक्टर होते. खासगी रुग्णालय होतं. सिस्टरांनी दारातच अडवलं, "आत फक्त पेशंट." तोंडी मिळालेल्या परवानगीची केस पेपरवर कुठेच नोंद नव्हती. डूला आणि मी बाहेर बाकावर, बहीण पहाटेपर्यंत आत एकटी. बाळ-बाळंतीण सुखरूप, म्हणून घरात आनंदीआनंद. पण ती मात्र पुढे कितीतरी दिवस म्हणायची, "ताई, अजून किती वेळ लागेल, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं गं."

सिस्टरांना मी दोष देत नाही. एकीला एकाच वेळी अनेकींकडे पाहावं लागतं. एकीच्या उशाशी बसून राहणं त्यांना जमणारच नाही. ते काम सोबतिणीचं. अशा सोबतीने काय फरक पडतो, हे पाहणाऱ्या, पंधरा हजारांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी होतं आणि कळांचा काळही साधारण चाळीस मिनिटांनी घटला होता. जागतिक आरोग्य संघटना तर प्रत्येकीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असं २०१८ पासून स्पष्ट सांगते.

म्हणून दिवस भरायच्या आत रुग्णालयाला विचारा: आत कोण येऊ शकेल, रात्री चालेल का, सिझर करावं लागलं तर काय? उत्तर फाइलवर लिहून घ्या, त्यावर डॉक्टरांची सही घ्या आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डूला आणि घरचं माणूस यांपैकी एकालाच सोडणार असतील, तर कोण जाणार हे गर्भवतीने ठरवावं. सासूबाईंनी नव्हे, नवऱ्यानेही नव्हे.

डूलाची फी सगळ्यांना झेपत नाही, आणि डूलावाचून अडतही नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला मुभा दिली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने शेवटपर्यंत थांबावं, अशा अटी आहेत. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. महापालिकेच्या राजीव गांधी रुग्णालयात किंवा ससूनला नाव घातलं असेल तर आशाताईंना बरोबर घेऊन हे आधीच विचारून ठेवा. मावशी, काकू, जाऊ, जी घाबरत नाही ती निवडा. आपल्या बाळंतपणाच्या भयकथा सांगणारी नको.

डूला ठरवताना मात्र नीट पारखून घ्या. आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना नाही. प्रशिक्षण कुठे घेतलं, किती बाळंतपणांना हजर होती, हे मोकळेपणाने विचारा. चांगली डूला आतून तपासत नाही, औषध देत नाही, "एवढ्यात दवाखान्यात जाऊ नका" असं तर कधीच म्हणत नाही. पाणी हिरवट गेलं, रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सोबतीला कोण आहे, कोण यायचंय, हे पाहत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि निघा.