भाड्याच्या जुन्या फ्लॅटवर किती खर्च करावा?

प्रश्न : पुण्यातल्या 36 वर्षे जुन्या सोसायटीत माझा वन बीएचके फ्लॅट आहे. आतापर्यंत 18,000 रुपये भाडे येत होते, सध्या तो रिकामा आहे. सगळे नव्याने करायला कॉन्ट्रॅक्टर 6 लाख सांगतो. त्यात पाइप, वायरिंग आणि बाथरूमचे वॉटरप्रूफिंग 1 लाख 20 हजारांचे. बाकी टाइल्स, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग. एजंटच्या मते एवढ्या पहिल्या कामांवर 20,500 आणि सगळे केले तर 22,000 भाडे येईल. खर्च इन्कम टॅक्समध्ये वजा होईलच, मग सगळेच करून घ्यावे का?

उत्तर : खर्च वजा होईल हे गृहीतच चुकीचे आहे. मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. तुम्ही रंगाचा एक डबा आणा की 6 लाख ओता, ती बदलत नाही. म्हणून दोन्ही टप्प्यांचा हिशेब वेगवेगळा मांडा. तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर पहिल्या टप्प्यामुळे वाढणाऱ्या वार्षिक 30,000 भाड्यातून सेस सोडून सुमारे 23,700 रुपये हाती राहतात, म्हणजे 1 लाख 20 हजार पाच वर्षांत वसूल. पुढच्या 4 लाख 80 हजारांवर भाडे वाढते महिना फक्त 1,500. करानंतर वर्षाला सुमारे 14,200. हे पैसे फिटायला जवळपास 34 वर्षे लागतील, आणि तोवर इमारत 70 वर्षांची झालेली असेल! बेरजेत चांगला टप्पा वाईट टप्प्याला झाकतो, म्हणून 6 लाखांकडे एकत्र पाहू नका.

चांगले घर पाहून चांगला भाडेकरू येतो, हा आक्षेप खोटा नाही. पण भाडेकरू घर सोडतो तो बहुधा गळक्या छतामुळे, कमी दाबाच्या नळामुळे, सारख्या पडणाऱ्या एमसीबीमुळे. फॉल्स सीलिंग नाही म्हणून क्वचितच. स्वच्छ रंग आणि धड चालणारे नळ एवढ्यावर त्याचे समाधान होते. विक्रीच्या वेळी सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो हेही खरे, मात्र 12.5 टक्के दराने 4 लाख 80 हजारांवर वाचणारा कर फार तर 60,000 रुपये, तोही बिले असतील तर.

या सगळ्याहून मोठा प्रश्न इमारतीचा आहे. आदर्श उपविधींनुसार 30 वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवे. पुनर्विकास ठरला, तर तुमच्या टाइल्स आणि किचन मलब्यात जातील. नवा फ्लॅट मिळताना त्यांचा विचार होत नाही. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देण्याआधी सेक्रेटरींकडे शेवटच्या ऑडिटच्या अहवालाची प्रत लेखी मागा, आणि पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत आला आहे का ते इतिवृत्तात पाहा. आला असेल तर पाच वर्षांत न फिटणारे एकही काम काढू नका.