गाडी उचलण्याआधी

बाळा, गॅरेजात दोन गाड्या झाल्या, एक काढायची तर दुसरी हलवावी लागते, म्हणून लिफ्ट नाहीतर डॉली बघतोयस असं कळलं. जरूर घे. पण पैसे मोजायच्या आधी म्हाताऱ्याचं एवढं ऐक.

१. आधी काम ठरव, मग दुकानात जा — गाडी भिंतीकडे सरकवायला डॉली पुरते, चाक काढायचं तर स्टँड किंवा लिफ्ट लागते. सरकवायला डॉली, सोडवायला लिफ्ट.

२. गाडीचं वजन कागदावर बघ, नजरेनं तोलू नकोस — स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५० मात्र १९५ किलो. लिफ्टची क्षमता वजनाच्या दीडपट तरी असू दे, कारण घट्ट नट सोडवताना तू लावलेला जोरही तिलाच सोसायचा असतो.

३. डॉली साइड स्टँडची असेल तर स्टँडचा पाय डॉलीवरच टेकतो ना, ते बघ — पाय जमिनीवर राहिला तर गाडी पुढे सरकताना स्टँड मिटतो.

४. चाक घ्यावं फरशी बघून, लिफ्ट घ्यावी छत बघून — शहाबादीच्या सांध्यात बारकं चाक अडकतं आणि गाडी कलंडते. टेबल लिफ्ट अडीच फूट वर गेली की आरसे सहा फुटांच्या वर जातात, म्हणून पोटमाळा आणि शटर आधी टेपनं मोज.

५. पॅडॉक स्टँड स्वस्त आणि चेन साफ करायला उत्तम, पण तो स्कूटरसाठी घेऊ नकोस — तो स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंना धरतो, आणि बहुतेक स्कूटरांचं मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं.

६. सिझर लिफ्ट घेण्याआधी खाली वाकून टॉर्च मार — टेकू फ्रेमच्या नळ्यांना लागला पाहिजे. भार ऑइल चेंबरवर किंवा सायलेन्सरवर आला, तर लिफ्टपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

७. लोखंडी खिट्टीचं लॉक नसलेली हायड्रॉलिक लिफ्ट फुकट मिळाली तरी आणू नकोस — सील झिजलं की तेल झिरपतं आणि गाडी हळूहळू खाली बसते. तेल धरतं घटकाभर, खिट्टी धरते रात्रभर.

८. टेबलवर गाडी चढवली की पुढचा ब्रेक पट्ट्यानं बांध आणि दोन्ही बाजूंनी बेल्ट ताण — चाक वीतभर जरी पुढे गेलं तरी डबल स्टँड मिटू शकतो.

९. सिझर लिफ्टवर उचललेली गाडी ढकलायची नाही, मग खाली चाकं असोत वा नसोत — वजन वर गेलं की जरासा धक्काही तोल घालवतो. आधी उतरव, मग सरकव.

आणि पहिल्यांदा गाडी उचलशील तेव्हा एकटा उचलू नकोस. शेजारच्या कुणाला बोलाव, नाहीतर मला हाक मार. दुसऱ्या बाजूनं धरायला मी येईन.