आधी अंतर ठरव

चि. निनाद यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. पाच कॅमेरे, पाचही फुल-फ्रेम, आणि लेन्सच्या रकान्यात पाचही ठिकाणी ‘किट लेन्स’. सोबत तुझा बेतही लिहिला आहेस: यंदा आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत चालायचं, रजा मिळाली तर लोणंद ते तरडगाव, दिवाळीच्या आसपास अजिंठा, आणि पुढच्या उन्हाळ्यात लडाख. हा बेत मला फार आवडला. मी त्याला धरूनच लिहिते आहे. यादी तूर्त बाजूला ठेव.

दुकानात गेलास की पहिला प्रश्न येईल, बजेट किती. त्याआधी मला सांग, फोटो काढताना तू माणसांपासून किती लांब उभा राहतोस? तुला वाटेल हे कसं सांगणार. पण त्याचं उत्तर तुझ्या फोनमध्ये पडलेलं आहे. गेल्या वर्षा-दोन वर्षांतले, तुला मनापासून आवडलेले फोटो वेगळे काढ. लोकांनी वाहवा केली ते नव्हेत, तुला आवडले ते. प्रत्येकाची माहिती उघडून बघ. फोनची मुख्य लेन्स फुल-फ्रेमच्या हिशोबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते. म्हणजे दुप्पट झूम केला असशील तर पन्नासच्या आसपास, तिप्पट केला असशील तर पंचाहत्तरच्या. बहुतेक फोटो कुठे जमा होतात ते पाहा. आणि आठव, तेव्हा समोरच्यापासून किती पावलांवर होतास. कुठल्याही परीक्षणापेक्षा हा हिशोब तुझ्या जास्त कामाचा आहे, कारण तो तुझ्या डोळ्याचा आहे.

आता थोडं गणित. ३५ मिलिमीटरची लेन्स लावून तू दोन मीटरवर उभा राहिलास, तर आडव्या चौकटीत सुमारे दोन मीटर रुंद आणि एक मीटर सदतीस सेंटिमीटर उंच एवढा भाग मावतो. म्हणजे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई गुडघ्यापासून वर येते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दिंडीही दिसते. तेवढीच बाई, तेवढ्याच आकारात २०० मिलिमीटरने घ्यायची तर तुला जवळपास साडेअकरा मीटरवर उभं राहावं लागेल. त्या साडेअकरा मीटरमध्ये वारीत किती माणसं चालत असतात याचा विचार कर. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन मीटरवर तिला तू दिसतोस. वारीत कुणालाही ‘माउली’ म्हणून हाक मारता येते, अनोळखी माणसालाही, आणि उत्तरही तसंच येतं. ‘माउली, फोटो काढू का?’ एवढं विचारता येईल इतक्या अंतरावर उभं राहायला लावणारी लेन्स घे. साडेअकरा मीटरवरून असं विचारता येत नाही. तिथून मिळतो तो तिच्या नकळत घेतलेला चेहरा, आणि प्रवासातल्या फोटोंमध्ये असे चेहरे मला कधीच भावले नाहीत.

छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यभराचं बहुतेक काम लायका आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केलं. १९४८च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली तेव्हा तो दिल्लीत होता आणि तो शोक त्याने गर्दीत मिसळून टिपला. आपल्याकडचे रघुवीर सिंह रंगीत फिल्मवर गंगा, काशी, मुंबई टिपत राहिले. त्यांचे फोटो पाहताना आपण रस्त्याच्या मध्यभागी उभे आहोत असं वाटतं, कारण ते स्वतः तिथेच उभे असत. त्यांची पुस्तकं वाचनालयात मिळाली तर कॅमेरा घेण्याआधी एक दुपार त्यांच्यासोबत घालव.

लांब पल्ल्याची लेन्स निरुपयोगी आहे असं मात्र समजू नकोस. दिवेघाटात ती लागते. वळणावळणांनी वर येणारी दिंड्यांची रांग आणि भगव्या पताका एकमेकींवर दाटलेल्या दाखवायच्या, तर लांबून लांब लेन्सनेच ते साधतं. अंतर वाढलं की मागचं-पुढचं जवळ आल्यासारखं दिसतं. पण असा घाट वर्षातून एकदा येतो. त्या दिवसापुरती लेन्स भाड्याने घे. पुण्यात भाड्याने देणारे पुष्कळ आहेत.

आता तुझ्या फुल-फ्रेमकडे येते. फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सीचा साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळात सुमारे २.४ पट फरक, म्हणजे उजेडाच्या हिशोबात एका स्टॉपपेक्षा (दुपटीपेक्षा) थोडा जास्त फायदा. हा फायदा खरा आहे. पण तू त्यावर जी किट लेन्स धरली आहेस ती झूम केल्यावर एफ ५.६ किंवा त्याहून बारीक होते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ २.८ची झूम लावली तर ती एफ ५.६च्या चौपट उजेड आत घेते. म्हणजे मोठ्या सेन्सरने कमावलं ते बारीक लेन्सने घालवलं, वर आणखी तोटा केला. तुझ्या बजेटमध्ये फुल-फ्रेम बॉडी घेतलीस तर चांगल्या लेन्ससाठी पैसे उरत नाहीत, आणि मग संध्याकाळी तंबूतल्या कीर्तनात तुझा महागडा कॅमेरा लहान कॅमेऱ्यापुढे मागे पडेल.

वजनाचंही तेच. सोनीची ए७ फोर बॉडी, तिची २४-७० एफ २.८ जीएमची दुसरी आवृत्ती आणि ७०-२०० एफ २.८ची दुसरी आवृत्ती, हा व्यावसायिक लोकांचा नेहमीचा संच २.४ किलोच्या आसपास जातो. सोनीचाच ए६७०० आणि सिग्माची १८-५० एफ २.८ मिळून ७८० ग्रॅमच्या घरात. पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर आहे, त्यात घाट. पाण्याची बाटली, रेनकोट, खाऊ वेगळा. दुपारनंतर गळ्यातला कॅमेरा पिशवीत जातो तो वजनामुळे, आणि नेमका तेव्हाच घाट सुरू होतो.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे जाहिराती माणसाला चुकीच्या वाटेला लावतात. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला परवानगी लागते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर तू हातात कॅमेरा घेऊन अंधुक उजेडात उभा असशील. तिथे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन उपयोगी पडतं: श्वास रोखून १/१५ सेकंदालाही स्वच्छ फोटो मिळतो, कारण पद्मपाणी हलत नाही. लोणंद-तरडगाव वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात माउलींचा अश्व दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून दौडत येतो, तिथे तेच स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही. ते तुझा हात स्थिर करतं, घोडा नाही. तिथे १/१००० सेकंद हवा, आणि आषाढातल्या ढगाळ दुपारी तो मिळवायचा तर मोठं छिद्र असलेली लेन्स हवी. कीर्तन या दोन्हींच्या मधलं: बुवा हात उंचावतात, टाळकरी डोलतात, उजेड एका-दोन बल्बचा. तिथे १/१२५ आणि एफ २. या तीन जागा डोळ्यांसमोर ठेवल्यास की तुला काय हवं ते आपोआप ठरतं: स्टॅबिलायझेशन असलेली बॉडी, एफ २.८ची एक छोटी झूम आणि एफ २ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची एक स्थिर लेन्स. (अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. तिकिटं काढताना लक्षात ठेव.)

बॉडी पाच-सहा वर्षांत बदलते. लेन्स नीट सांभाळली तर वीस वर्षं चालते, पण ज्या माउंटची (बॉडीवर लेन्स जोडण्याच्या खाचेची) आहे त्याच माउंटवर. म्हणून कॅमेरा निवडताना तू खरं तर माउंट निवडतोस. निकॉनने ‘निकॉन १’ ही मालिका २०१८मध्ये बंद केली. कॅननची ईएफ-एम मालिका २०१२ला आली आणि पुढे कॅनन आरएफकडे वळल्यावर तीही संपली. जुन्या बाजारात हे कॅमेरे स्वस्त दिसतील, मोह आवर. त्यांना नव्या लेन्स येणार नाहीत. सोनीचा ई आणि फुजीचा एक्स या माउंटांना स्वतःच्या लेन्स भरपूर आहेत आणि सिग्मा-टॅमरॉनच्याही. कॅननने आरएफ माउंटवर एपीएस-सीसाठी सिग्मा आणि टॅमरॉनला वाट मोकळी केली ती २०२४मध्ये, म्हणजे तिथली निवड आता कुठे वाढते आहे.

माझं मत विचारशील तर फुजी. एक्स-एस २० नवा, किंवा वापरलेला पण नीट तपासून घेतलेला एक्स-एस १०. दोन्हींत स्टॅबिलायझेशन आहे, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे. व्ह्यूफाइंडरवर माझा आग्रह आहे: उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, आणि कपाळाला टेकवलेला कॅमेरा हातभर लांब धरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा स्थिर राहतो. त्यावर सिग्माची १८-५० एफ २.८, आणि दुसरी फुजीची २३ मिलिमीटर एफ २, अवघी १८० ग्रॅमची. एपीएस-सीवर दीडने गुणायचं, म्हणजे २३ची ती ३५ होते, वर सांगितलेली दोन मीटरची लेन्स. ती पाण्याच्या शिंतोड्यांपासून बंदिस्तही आहे. पण या दोन बॉड्या तशा नाहीत, हे आताच समजून घे. तुझ्या फोनमधले आवडते फोटो पन्नासच्या आसपास जमले, तर २३ऐवजी ३५ मिलिमीटर एफ २ घे. तिथे माझं ऐकू नकोस, फोटोंचं ऐक.

बॉडी बंदिस्त नाही आणि बेत आषाढी वारीचा, म्हणून पावसाबद्दल. कॅमेऱ्यावर पावसाळी कव्हर घाल, पुढे लेन्सहूड लाव, खिशात धुतलेला सुती रुमाल ठेव. पावसात लेन्स अजिबात बदलू नकोस. सकाळी जी लावलीस ती मुक्कामापर्यंत. मिररलेसमध्ये मध्ये आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. कोरड्यातही बदलताना बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेव, आणि पुसण्याआधी ब्लोअरने हवा मार. घरी आल्यावर ओला कॅमेरा पिशवीत बंद करून झोपू नकोस. बाहेरून पुसून पंख्याखाली ठेव.

आणि बुरशी. आपल्या हवेत लेन्सचा खरा शत्रू तीच आहे. दमट जागी, अंधारात, चामड्याच्या केसमध्ये महिनोन्महिने पडलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरतात. ते काचेच्या लेपात शिरले तर साफ करूनही डाग राहतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची. तुझ्या दादरच्या मित्राकडे आहे तसं ड्राय कॅबिनेट आत्ता घेऊ नकोस. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरे. जेलचे रंग बदललेले दाणे वाळवून पुन्हा वापर. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लेन्स वापरात ठेवणं. वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून काचेच्या आरपार बघ. धागा दिसला की कितीही स्वस्त असली तरी परत दे.

लडाखचं थोडक्यात. लेह ३,५०० मीटरवर आहे, थंडीत बॅटरी लवकर उतरते. दोन जादा बॅटऱ्या घे आणि आतल्या खिशात अंगाजवळ ठेव. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या असतात. कार्डं दोन, आणि रोज रात्री फोटो दुसरीकडे उतरवून घ्यायचे.

खरेदी पक्क्या बिलावर कर. बिलावर सिरियल नंबर असू दे, आणि वॉरंटी भारतातली आहे ना ते विचारून घे. मुंबईला आलास तर फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारू; तिथे हातात घेऊन बघता येतं. चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, करंगळी ग्रिपवर बसते का, हे कागदावर कळत नाही.

वारीच्या निदान दीड महिना आधी कॅमेरा हातात असला पाहिजे. रोज ऑफिसला जाताना तो ने आणि पहिला महिना फक्त २३ लावून ठेव. मंडईत, बसस्टॉपवर, शनिवारवाड्यासमोर, विचारून फोटो काढ. दोन मीटरवर उभं राहायची भीड गेली की मग वारीला जा. ज्यांचे फोटो काढशील त्यांच्यापैकी कुणी पत्ता दिला तर प्रिंट पाठव. त्याचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धर.

तुझ्या फोनमधले ते निवडलेले फोटो मला येत्या आठवड्यात पाठव. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या