सारे पूर्वीच ठरलेले आहे काय?

(धम्म अभ्यासवर्गासाठी पाठ)

उपासक-उपासिकांनो,

"नशिबात होते ते झाले" हे वाक्य बौद्ध घरांतूनही कानी पडते. मूल नापास झाले की नशीब, नोकरी हुकली की नशीब! देव्हारा गेला, पण नियती मनाच्या कोपऱ्यात बसूनच राहिली. आज तिची तपासणी करू.

१. नियतिवाद : बुद्धकाळी मक्खली गोसालाचे मत असे होते की, फेकलेला सुताचा गुंडा दोरा संपेपर्यंत उलगडतो, तसे मूर्ख व शहाणा दोघेही ठराविक फेरे पुरे करूनच दुःखमुक्त होतात, प्रयत्नाने काहीही बदलत नाही. दीघ निकायाच्या सामञ्ञफल सुत्तात हे आले आहे. तथागतांनी या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली. ते कांबळे थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम! सारे बुद्ध कर्मवादी, क्रियावादी व वीर्यवादी असतात, असे त्यांनी सांगितले.

२. तीन मते : सुखदुःख केवळ पूर्वकर्माने होते, ईश्वराच्या इच्छेने होते, किंवा विनाकारणच होते. अंगुत्तर निकायात भगवंतांनी ही तिन्ही मते नाकारली. का? कारण तिन्हींत 'हे करावे, हे करू नये' याला जागाच उरत नाही. मग चोरालाही दोष देता येणार नाही.

३. जाणण्याची मर्यादा : राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक परिव्राजकाने विचारले, सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतुपालट, निष्काळजी वागणूक, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली. सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे स्वतःच्या अनुभवापलीकडे आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्यापलीकडे धाव घेतात, असे ते म्हणाले. गेला जन्म कोणी पाहिला? ताप मात्र समोर दिसतो, आणि गढूळ पाणीही दिसते.

४. विज्ञानाची साक्ष : १८१४ साली फ्रेंच गणिती लाप्लास याने मांडले की, विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती व सर्व बले जाणणाऱ्या बुद्धीला भविष्यही दिसेल. १९२७ साली हायझेनबर्ग याने दाखविले की, कणाचे स्थान आणि संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक ठरविता येत नाहीत. पण येथे सावध राहा. यावरून माणूस स्वतंत्र आहे असे सिद्ध होत नाही. कण योगायोगाने हलले तर तो काही आपला पुरुषार्थ नव्हे. ते वरील तिसरे मत होईल.

५. धम्माचा मार्ग : प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की, कारण असेल तर परिणाम होतो आणि कारण गेले की परिणामही जातो. म्हणून कार्यकारणभाव ही बेडी नाही. तीच बेडी तोडण्याची किल्ली आहे. आपले मन पूर्णपणे मोकळे नाही. सवय, भीती, दारिद्र्य त्याला ओढतात. पण ओढ ओळखता येते, आणि ओळखलेले कारण बदलता येते.

गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त समाजाला गरिबांच्या दुःस्थितीच्या जबाबदारीतून सोडवितो, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे निघालेल्यांनी मनाई हे आपले प्राक्तन मानले असते, तर ते घरीच बसले असते. मनाई माणसांनी घातली होती, म्हणून ती माणसांना मोडता आली.

मननासाठी प्रश्न :
(अ) आपण 'नशीब' म्हणतो त्या एका घटनेची दिसणारी कारणे लिहा.
(आ) त्यांतील कोणते कारण आपण एकट्याने बदलू शकतो, आणि कोणते संघटित होऊन?

नमो बुद्धाय! जय भीम!